पाटी दारावरची आणि मनांतली

सकाळचे दहा वाजण्याच्या सुमारास नगर शहरांतील एखाद्या कचेरीच्या फाटकाशीं घटकाभर उभें राहिलें, तर एक साधें दृश्य सहज दृष्टीस पडतें. गाड्या लागतात, डब्यांच्या पिशव्या उतरतात, आणि फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीशीं चार-दोन माणसें घाईघाईनें शेवटचे झुरके घेत असतात. घड्याळाकडे नजर जाते, विडीचें थोटूक चपलेखालीं चिरडलें जातें, बडीशेपेचे चार दाणे तोंडांत पडतात आणि माणूस आंत शिरतो. आंत भिंतीवर पाटी असते : येथें धूम्रपान करणें हा गुन्हा आहे. रोज पाहून पाहून ती पाटी आतां त्याला दिसेनाशी झालेली असते. तरीहि तो तिची आज्ञा पाळतो. जेवणाच्या सुटीपर्यंतचे तीन तास तो विडीवांचून काढतो. तेवढ्या वेळांत तो कागद पाहतो, हिशेब जुळवितो, आल्यागेल्याशीं चार शब्द बोलतो. त्याचें कांहीं अडत नाहीं. सुटी झाली म्हणजे मात्र त्याचीं पावलें आपोआप फाटकाकडे वळतात.

या माणसाविषयीं एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. पाटीच्या सांगण्यावरून ज्याला तीन तास विडीवांचून राहतां येतें, त्याला स्वतःच्या सांगण्यावरून चौथा तास कां काढतां येऊं नये? या प्रश्नाचीं दोन सोपीं उत्तरें लोक नेहमीं देतात. कोणी म्हणतो, व्यसनापुढें माणसाचा इलाज नाहीं. कोणी म्हणतो, त्याचें मनच दुबळें. पहिलें उत्तर खरें असतें, तर ते तीन तासहि निघाले नसते. दुसरें खरें असतें, तर पाटी पाळण्याइतकेंहि बळ त्या मनांत दिसलें नसतें. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्यें कोठें तरी आहे, आणि ती पाहावयाची तर ही पाटी भिंतीवर आली कशी येथपासून आरंभ केला पाहिजे.

कामाच्या जागीं विडीला बंदी ही कल्पना नवी नाहीं. तिचें कारण मात्र नवें आहे. नगर जिल्हा हा साखर कारखान्यांचा जिल्हा. प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास चालूं झाला. साखर कारखान्यांत रस काढून झाल्यावर उंसाचें जें चिपाड उरतें, त्याचे डोंगराएवढे ढीग लागतात. तें एकदां वाळलें म्हणजे एका ठिणगीचा अवकाश असतो. अशा ढिगाजवळ विडी पेटवावयाची नाहीं हें कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं, आणि तेथें कोणी आपल्या स्वातंत्र्याचा प्रश्नहि काढीत नाहीं. सरकीच्या जिनांत, कापसाच्या गोदामांत, तेलाच्या पंपावर हीच रीत. ही बंदी मालाच्या रक्षणाकरितां होती. आग डोळ्यांना दिसते, आणि जें डोळ्यांना दिसतें त्याचें भय शिकवावें लागत नाहीं.

माणसाच्या श्वासाकरितां बंदी ही मागाहून आली, कारण श्वासांतून होणारी हानि दिसत नाहीं. ती वर्षांच्या हिशेबानें होते. १९५० सालीं रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघां इंग्रज संशोधकांनीं लंडनमधील रुग्णालयांतील रोग्यांची चौकशी करून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. परंतु तोंवर प्रश्न ओढणाऱ्याचाच होता, आणि स्वतःच्या शरीराचें बरेंवाईट करण्यास प्रत्येक जण मोकळा आहे असें म्हणतां येत होतें. १९८१ सालीं ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकानें दुसरी बाजू पुढें आणली. स्वतः कधीं न ओढणाऱ्या नव्वद हजारांहून अधिक जपानी विवाहित स्त्रियांची माहिती त्यानें चौदा वर्षें ठेवली होती. ज्यांचे पति पुष्कळ सिगारेटी ओढीत, त्या स्त्रियांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणांत झाल्याचें तींत दिसून आलें. या निष्कर्षावर पुष्कळ वादविवाद झाला; पण पुढच्या अनेक अभ्यासांनीं तो दृढच केला. एकाचा धूर दुसऱ्याच्या छातींत जातो आणि तेथें आपलें काम करतो, हें एकदां ठरल्यावर कामाच्या जागेचा प्रश्न निराळा झाला. शेजारच्या टेबलावरील माणसाला उठून जाण्याची सोय नसते. पोटासाठीं त्याला तेथेंच बसावें लागतें. ज्याला उठतां येत नाहीं त्याच्या नाकाशीं धूर सोडण्याचा अधिकार कोणाला असूं शकत नाहीं, हें या पाटीमागचें साधें तत्त्व.

हिंदुस्थानांत हें तत्त्व कायद्यांत आणण्याच्या कामीं महाराष्ट्राचाहि भाग आहे. मुंबईचे एके काळचे महापौर मुरली देवरा यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, आणि त्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यायालयानें रुग्णालयें, शाळा-महाविद्यालयें, ग्रंथालयें, न्यायालयें, सार्वजनिक कचेऱ्या, आगगाड्या अशा ठिकाणीं धूम्रपानास मनाई केली. २००३ सालीं संसदेनें तंबाखूविषयींचा स्वतंत्र कायदा केला. २ ऑक्टोबर २००८ रोजीं, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवशीं, त्याचे अधिक कडक नियम अमलांत आले, आणि कचेरी, कारखाना, उपाहारगृह अशीं कामाचीं ठिकाणें त्यांत स्पष्टपणें समाविष्ट झालीं. नियम मोडणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड, आणि ती जागा ज्याच्या ताब्यांत असेल त्यानें पाटी लावण्याची व नियम पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी घ्यावी, असें ठरलें. आंत रक्षापात्र किंवा काड्यापेटी पुरवावयाची नाहीं, हेंहि त्यांत आलें. ज्या कचेऱ्यांत एके काळीं साहेबाच्या टेबलावर रक्षापात्र हें मानाचें चिन्ह समजलें जाई, तेथून तें पात्र हळूहळू नाहींसें झालें.

नियमानें काय साधलें याचा हिशेब प्रामाणिकपणें मांडावयास हवा. २०१६-१७ सालीं झालेल्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, बंदिस्त जागेंत काम करणाऱ्या दर शंभर प्रौढांपैकीं सुमारे तीस जणांना कामाच्या ठिकाणीं दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. म्हणजे पाटी पुष्कळ ठिकाणीं लागली, पण ती सर्वत्र पाळली गेली नाहीं. पश्चिमेकडील अनुभवहि बोलका आहे. जेथें कामाच्या जागा पूर्णपणें धूररहित केल्या, अशा ठिकाणच्या सव्वीस अभ्यासांचा एकत्र विचार २००२ सालीं प्रसिद्ध झाला. अशा बंदीमुळें ओढणाऱ्यांचें प्रमाण शंभर कामगारांमागें सुमारे चारांनीं कमी होतें, आणि जे ओढीत राहतात त्यांची रोजची संख्या तीनेक सिगारेटींनीं घटते, असा त्याचा सारांश. केवळ एका पाटीनें शंभरांतील चार माणसें सुटावीं ही लहान गोष्ट नव्हे. कोणत्याहि व्याख्यानानें इतकें होत नाहीं. पण या आंकड्याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. उरलेले लोक पाटी पाळतात, आणि फाटकाबाहेर जाऊन ओढतात.

महाराष्ट्रांत तर आणखी एक पळवाट आहे. येथें ओढणाऱ्यांपेक्षां चघळणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी. विडी फाटकाबाहेर राहिली तरी चुन्याची डबी खिशांत असतेच. धूर नाहीं, वास फारसा नाहीं, पाटींत तिचा उल्लेख नाहीं. तळहातावर अंगठ्यानें मळलेली चिमूट ओठांआड गेली कीं वेळ निभावतो. पुष्कळांची समजूत असते कीं, आपण आतां ओढणें कमी केलें. वास्तविक त्यांनीं दार बदललेलें असतें, घर तेंच असतें. फुप्फुसाऐवजीं तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण जातें, एवढाच फरक.

मग चौथ्या तासाचें काय? येथें शरीराचा थोडा विचार आवश्यक आहे. झुरका घेतल्यावर तंबाखूंतील निकोटीन कांहीं सेकंदांतच मेंदूपर्यंत पोंचतें आणि क्षणभर बरें वाटतें. सुमारे दोन तासांत त्याचें रक्तांतील प्रमाण निम्म्यावर येतें, आणि सरावलेला मेंदू आपला वांटा मागूं लागतो. चीड येते, लक्ष लागत नाहीं, जांभया येतात. झुरका घेतला कीं हें सारें थांबतें, आणि माणसाला वाटतें कीं विडीनें आपल्याला हुशारी आली. विडीनें स्वतःच निर्माण केलेली अस्वस्थता विडीनें दूर केली, एवढेंच प्रत्यक्षांत घडलेलें असतें. सावकारानें आपल्याच कर्जाच्या हप्त्यासाठीं पुन्हां कर्ज द्यावें आणि कुळानें त्याला उपकार मानावा, तसला हा व्यवहार. विशेष हें कीं, ओढण्याची एकेक ऊर्मि फार वेळ टिकत नाहीं. बहुधा पांच-सात मिनिटांत ती ओसरते. अगदीं सोडल्यावर होणारा त्रास पहिल्या आठवड्यांत सर्वांत अधिक असतो आणि पुढें तीन-चार आठवड्यांत पुष्कळ निवळतो. म्हणजे शरीराची मागणी मोठी असली तरी अमर्याद नाहीं. कचेरींतील तीन तास निघतात याचें एक कारण हेंच कीं, त्या वेळांत विडी मिळणारच नाहीं हें मनानें मान्य केलेलें असतें. आणि जें मिळणारच नाहीं त्याविषयीं मन फारसें भांडत नाहीं.

परंतु येथेंच एक मोठी फसगत असते. तिचें उत्तम उदाहरण नगरच्याच किल्ल्यांत लिहिलें गेलें आहे. ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना पकडून या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. त्यांत जवाहरलाल नेहरू होते, वल्लभभाई पटेल होते, महाराष्ट्राचे शंकरराव देव होते, आणि अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. आझादांनीं तेथें आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांस उद्देशून उर्दूंत पत्रें लिहिलीं. तीं त्या वेळीं पाठवितां येणें शक्यच नव्हतें. १९४६ सालीं ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्या पत्रांत पहाटेचा चहा आणि त्याच्या जोडीची सिगारेट यांचें मोठें रसिक वर्णन आहे. त्याच ओघांत त्यांनीं आपला एक जुना अनुभव सांगितला आहे. १९२१ सालच्या अखेरीस कलकत्त्यास त्यांना अटक झाली. तुरुंगांत सिगारेटीवरून अडचण येणार हें ओळखून त्यांनीं ती त्याच क्षणीं सोडली, आणि तुरुंगवास संपेपर्यंत शिवली नाहीं. सुटकेच्या दिवशीं अधिकाऱ्यानें सिगारेट पुढें केली, आणि ज्या सहजतेनें त्यांनीं ती सोडली होती त्याच सहजतेनें पुन्हां हातीं घेतली.

आझादांसारख्या विद्वानानें हें हंसतहंसत सांगितलें आहे, आणि त्यांत लपवाछपवी नाहीं. पण त्या अनुभवाचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. त्यांच्या निश्चयांत बळ नव्हतें असें कोण म्हणेल? एका क्षणांत सोडणें आणि दीर्घ काळ तें पाळणें हें दुबळ्या मनाचें काम नव्हे. फरक निराळाच होता. तो निश्चय तुरुंगासाठीं केलेला होता, म्हणून तुरुंगाबरोबर तो संपला. त्याच्या पदराला सुटकेची तारीख बांधलेली होती. फाटकापाशीं विडी विझविणाऱ्या आपल्या माणसाचेंहि हेंच आहे. त्याच्या तीन तासांच्या संयमाला जेवणाच्या सुटीची तारीख बांधलेली असते. तो पाटी पाळतो तें पाटीसाठीं; आणि जेथें पाटी संपते तेथें संयमहि संपतो.

याच जिल्ह्यांत याच्या उलट उदाहरणहि घडलें. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धि या गांवीं १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें जें काम उभें राहिलें, त्यांतील पाणी अडविण्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळांत गांवानें तंबाखूचाहि विचार केला. विडी, सिगारेट, तंबाखू गांवच्या दुकानांत विकावयाची नाहीं असें ठरलें, आणि होळीच्या दिवशीं दुकानांतील असला सारा माल गोळा करून गांवाच्या देखत होळींत टाकण्यांत आला. दारूच्या बाबतींत तेथें मारझोडीपर्यंत शिक्षा झाल्या, त्यावर टीकाहि झाली, आणि ती टीका निराधार म्हणतां येणार नाहीं. परंतु तंबाखूची ती होळी निराळ्या जातीची होती. वरून कोणा अधिकाऱ्यानें पाटी आणून लावली नव्हती. दुकानदार गांवचेच, गिऱ्हाईक गांवचेंच, आणि होळीहि वर्षानुवर्षें गांवाचीच. जें वाईट तें होळींत टाकावें ही रूढि प्रत्येकाच्या अंगवळणीं पडलेली; तिच्यांत एक वस्तु वाढविली गेली, एवढेंच. त्या निर्णयाला सुटकेचा दिवस नव्हता, कारण तेथें कोणी कोणाला कोंडलेलें नव्हतें. शेजाऱ्यांच्या देखत आपण होऊन टाकलेली वस्तु पुन्हां त्याच शेजाऱ्यांच्या देखत उचलणें माणसाला जड जातें.

नगर जिल्ह्याला हा विषय आणखी एका कारणानें जवळचा आहे. नगर शहरांत आणि संगमनेरांत विडी वळण्याचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आला. पद्मशाली आणि इतर समाजांतील हजारों स्त्रियांनीं मांडीवर सूप घेऊन, तेंदूचें पान कापून, त्यांत चिमूटभर तंबाखू भरून दोऱ्यानें बांधीत घरें चालविलीं, मुलें शिकविलीं. हजार विड्यांमागें मिळणाऱ्या मजुरीवर संसार उभा करणें हें काय असतें तें त्यांनाच ठाऊक. त्यांच्या कामाच्या जागीं धूर नसतो. पण तंबाखूची धूळ असते, आणि ती श्वासांतून जाते, बोटांच्या कातडीवाटे जाते. विडी ओढणें सुटलें तर या बायांचें काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो टाळण्याचा नाहीं. परंतु त्याचें उत्तर त्यांना दुसरें काम, दुसरें कौशल्य मिळवून देणें हें आहे. त्यांच्या पोटासाठीं दुसऱ्या कोणीं आपली छाती जाळावी हें नव्हे. शिवाय त्या वळणाऱ्या बाईचा भाऊ किंवा नवराहि तीच विडी ओढतो. विडींत तंबाखू थोडी म्हणून ती निरुपद्रवी, ही समजूतहि चुकीची आहे. तेंदूचें पान कागदासारखें सच्छिद्र नसतें. विडी विझूं नये म्हणून ती वारंवार आणि जोरानें ओढावी लागते, आणि त्यामुळें निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड पुष्कळच आंत जातें.

तेव्हां दारावरची पाटी मनांत कशी लागावी हा खरा प्रश्न उरतो. भय दाखवून ती लागत नाहीं. पाकिटावरचीं भीषण चित्रें पाहूनहि पाकीट उघडणारे हात रोज दिसतात. दुसऱ्याच्या उपदेशानें तर ती मुळींच लागत नाहीं. गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत बालपणच्या विड्यांची हकीकत सांगितली आहे. वडिलांच्या आज्ञेवांचून कांहींच करतां येत नाहीं या दुःखानें एका नातेवाइकासह ते जीव देण्याच्या विचारापर्यंत गेले होते. नुसती मनाई कोंवळ्या मनाला कोठवर नेऊं शकते याचें तें उदाहरण आहे. पुढें त्यांची विडी सुटली ती मनाईनें नव्हे, तर त्या वाटेनें आपण कोठें जाऊन पोंचलों हें त्यांना स्वतःला दिसलें म्हणून.

डॉल यांचें उदाहरण याच जातीचें. ज्यानें धूम्रपानाविरुद्ध भक्कम पुरावा मांडला तो गृहस्थ स्वतः सिगारेट ओढीत असे. रोग्यांचे आंकडे जसजसे टेबलावर जमूं लागले, तसतशी त्याची स्वतःची सिगारेट सुटली. कोणी त्याला पाटी दाखविली नाहीं. आंकड्यांत त्याला स्वतःचा चेहरा दिसला. पुढें त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं इंग्लंडमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षें मागोवा घेतला, आणि त्याचा निष्कर्ष २००४ सालीं आला. सिगारेट ओढीत राहणाऱ्याचें आयुष्य सरासरीनें सुमारे दहा वर्षांनीं घटतें. तिसाव्या वर्षीं जो सोडतो त्याला तीं दहाहि वर्षें बहुतेक परत मिळतात. चाळिसाव्या वर्षीं सोडणाऱ्याला नऊ, पन्नासाव्या वर्षीं सोडणाऱ्याला सहा, आणि साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यालाहि तीन. ‘आतां या वयांत सोडून काय उपयोग’ असें म्हणणाऱ्या साठीच्या गृहस्थानें या शेवटच्या आंकड्याकडे पाहावें. तीन वर्षांत नातवंड चालूं लागतें, बोलूं लागतें, आजोबांचें बोट धरून शाळेच्या दारापर्यंत जातें.

आणि येथें त्या कायद्याची एक मर्यादा ध्यानांत घ्यावयास हवी. घर हें सार्वजनिक स्थळ नव्हे. तेथें पाटी नाहीं, दंड नाहीं, पाहणारा अधिकारी नाहीं. कचेरींत दिवसभर शेजारच्या टेबलावरील माणसाला धुरापासून वांचविणारा गृहस्थ संध्याकाळीं घरीं येतो, आरामखुर्चींत बसतो आणि सिगारेट पेटवितो. समोर मूल पाटी-पुस्तक घेऊन बसलेलें असतें. आंत पत्नी पोळ्या करीत असते. हिरायामानें ज्या स्त्रियांची माहिती ठेवली त्या कोणा कचेरींतल्या नव्हत्या. त्या घरांतल्या होत्या. ज्या धुरापासून परक्याला कायद्यानें संरक्षण दिलें, तो धूर आपल्या माणसांच्या वांट्यास यावा, आणि तोहि आपल्याच हातून, हा विचार एकदां स्वच्छपणें मनांत उतरला, तर तो कोणत्याहि छापील पाटीपेक्षां अधिक काळ टिकतो. मूल उठून जाऊं शकत नाहीं. कचेरींतल्या माणसालाहि तेथून उठतां येत नव्हतें. म्हणून तर पाटी आली.

असा विचार ज्याच्या मनांत उतरला, त्याला कचेरीचे ते तीन तास आतां निराळे दिसूं लागतील. आजवर ते तास तो कोंडल्यासारखे काढीत होता. आतां ते त्याची तालीम होतील. तीन तास राहतां येतें याचा पुरावा तर त्याच्या जवळ रोजचाच आहे. त्या पुराव्यावर पुढचा तास रचावा. एक दिवस ठरवावा, आणि तो घरीं व कचेरींत चार जणांना सांगावा. राळेगणच्या होळीचें मर्म हेंच होतें. ऊर्मि आली कीं पांच मिनिटें घड्याळाकडे पाहावें, पाणी प्यावें, चार पावलें चालावें. जेवणानंतरचा चहा कांहीं दिवस त्या टपरीवर घेऊं नये, कारण पावलांना तो रस्ता पाठ असतो. विडीच्या जागीं तंबाखूची चिमूट येऊं देऊं नये. केवळ मनोबळानें भागत नसेल, तर डॉक्टरांचें साहाय्य घेण्यांत कमीपणा नाहीं. निकोटीनच्या गोळ्या आहेत, इतर औषधें आहेत, आणि २०१६ सालापासून १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ल्याची राष्ट्रीय सोय आहे.

पुन्हां एखादी विडी ओढली गेली, तर सारें व्यर्थ गेलें असें मानण्याचेंहि कारण नाहीं. वर उल्लेखिलेल्या २०१६-१७ च्या पाहणींत निम्म्याहून अधिक ओढणाऱ्यांनीं सोडण्याचा विचार बोलून दाखविला होता, आणि शंभरांतील सुमारे अडतीसांनीं मागच्या वर्षभरांत एकदां तरी प्रयत्न केला होता. म्हणजे फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्या चार-दोन माणसांपैकीं दोघांच्या तरी मनांत ती गोष्ट घोळते आहे. त्यांना उपदेशाची गरज नाहीं. हंसण्याची तर मुळींच नाहीं. घरच्यांनीं आणि सोबत्यांनीं एवढेंच करावें कीं, एखाद्यानें ‘सोडली’ म्हणून सांगितलें तर त्याच्यापुढें पाकीट धरूं नये. आझादांच्या पुढें सुटकेच्या दिवशीं कोणीं सिगारेट धरली नसती, तर त्या पत्रांतील तो भाग कदाचित् निराळा झाला असता.

दारावरची पाटी सरकार लावतें, आणि ती सायंकाळीं दाराबरोबर बंद होते. दुसरी पाटी ज्याची त्यानें लावावयाची असते. तिच्यावर गुन्ह्याचा शब्द नसतो, दंडाची रक्कम नसते. बहुधा एखाद्या लहान मुलाचें नांव असतें. ती ज्यानें एकदां वाचली, त्याला फाटकाच्या आंत काय आणि बाहेर काय, हवा सारखीच लागते.